दारू सुटली म्हणून उचललेला हात खाली येत नाही

तुम्ही चित्रपटासाठी लिहिलेली गोष्ट थोडक्यात अशी आहे. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा २६ वर्षांचा मुलगा. रोज पितो, बायकोवर संशय घेतो, पिऊन तिला मारतो, एकदा आईवरही हात टाकतो. बाप दारूनेच गेलेला. मध्यंतरानंतर त्याच्या धक्क्याने चार वर्षांची मुलगी पडते, डोक्याला टाके पडतात आणि त्या रात्री तो सोडायचं ठरवतो. मित्र त्याला खोलीत कोंडतात, तो रात्रभर ओरडतो, सकाळी दार उघडतं तेव्हा माणूस बदललेला असतो. शेवटी घर पुन्हा एक होतं. निर्मात्याचं म्हणणं, नायकाबद्दल माया वाटली पाहिजे. तुम्ही विचारताय: असं खरंच होतं का, रात्रीचं सकाळी आठवत नाही हे खरं का, आणि मारहाण किती दाखवायची?

मी पटकथा लिहीत नाही. व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. आधी एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आणि नंतर निवासी केंद्रात. तेव्हा संवाद आणि संकलन तुमचं तुम्ही बघा, मी माणसांबद्दल बोलते.

कोंडण्याच्या प्रसंगाकडे येतेच, पण माझ्या मते खरी अडचण आधीच्या पानांवर आहे. तुमच्या गोष्टीत खलनायक दारू आहे. ती अंगात शिरली की मुलगा राक्षस होतो, ती निघून गेली की देवमाणूस. असं मांडलं की मारहाण कोणीच केलेली नसते, बाटलीने केलेली असते. मग त्याने शेवटी नेमकं काय बदललं? एक पेय बंद केलं, इतकंच. प्रेक्षकाला तो बदल खोटा वाटतो तो यामुळे. निर्मात्याला हवी असलेली मायासुद्धा त्यामुळेच येत नाही, कारण ज्याने काही केलंच नाही त्याला माफ तरी कशाबद्दल करायचं?

केंद्रात आलेला माणूस ‘मॅडम, शुद्धच नसते मला’ म्हणाला की मी त्याला एक प्रश्न विचारते. अशाच अवस्थेत तू जॉबरला, म्हणजे कारखान्यातल्या मुकादमाला, कधी मारलंस का? मालकाला? चौकातल्या हवालदाराला? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. शुद्ध नसती तर समोर येईल त्याला फटका बसला असता. पण तो दुकानापासून घरापर्यंत चार माणसांना ‘नमस्कार दादा’ करत येतो, घराचं दार लावून घेतो आणि मग हात उचलतो. काही जण तर शेजाऱ्यांना दिसणार नाही अशाच जागी मारतात, पाठीवर, दंडावर. इतका हिशेब ज्याला जमतो तो बेशुद्ध नसतो. ही निवड पटकथेत दिसली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत मुकादम सगळ्यांसमोर त्याचा अपमान करतो आणि तो मान खाली घालून ऐकून घेतो, एवढं दाखवलंत तरी पुढच्या प्रत्येक मारहाणीचा अर्थ बदलेल.

मग दारू काहीच करत नाही का? करते. आवर घालणारं आत जे काही असतं ते ढिलं करते आणि नजर आखूड करते. स्टील आणि जोसेफ्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही गोष्ट नीट मांडली: प्यायलेल्या माणसाला समोरचं, ताजं, बोचणारं तेवढंच दिसतं, उद्या काय होईल, ही माझी कोण लागते, हे नजरेच्या बाहेर जातं. भात गार आहे, एवढंच जग उरतं. पण ‘भात गार असेल तर बायकोला मारायचा मला हक्क आहे’ हे त्याला दारूने शिकवलेलं नसतं. ते आधीपासून शिकलेलं असतं, बहुतेक वेळा स्वतःच्या घरातच. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की व्यसन जडण्याचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक असतो. म्हणजे तुमच्या नायकाला बापाकडून काहीतरी मिळालंय हे खरं. पण व्यसनाची ओढ रक्तातून येणं वेगळं आणि हात उचलणं बघून शिकणं वेगळं. बापाच्या फोटोवर कॅमेरा नेऊन तुम्ही दोन्ही एकाच खात्यात टाकताय.

कायदा या बाबतीत आपल्या सिनेमांपेक्षा स्पष्ट आहे. जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं ८५ आणि ८६, आता भारतीय न्याय संहितेची २३ आणि २४. नशेची सबब चालते ती नशा त्याच्या नकळत किंवा त्याच्या मर्जीविरुद्ध चढवली असेल तरच. स्वतः पिऊन केलेल्या कृत्याला ती ढाल मिळत नाही.

आता जे माणसागणिक बदलतं ते. दारू सुटली आणि मारहाणही थांबली, अशी घरं मी पाहिली आहेत. असं बहुधा तिथे होतं जिथे लग्नाची पहिली काही वर्षं बरी गेलेली असतात, मारहाण पिणं वाढल्यावरच सुरू झालेली असते आणि न पिलेल्या दिवशी घरात दबाव नसतो. उलट जिथे तो कोरड्या दिवशीही तिचा फोन तपासतो, माहेरी जाऊ देत नाही, पगाराचा पैसा हातात देत नाही, तिथे दारू गेल्यावर मारहाणीचं रूप बदलतं, मूळ तसंच राहतं. शिवाय डोक्याला जुना मार, लहानपणापासूनचा आक्रमकपणा, बरोबरीने गांजा किंवा गोळ्या, एखादा मानसिक आजार, यांनी चित्र बदलतं. तुमचा नायक यातला कोणता, हे तुम्हीच ठरवायचं आहे. मला तुमच्या सारांशातून तो दुसऱ्या प्रकारातला वाटतो, कारण तुम्ही त्याला संशयी केलंय. ते अगदी अचूक आहे. ‘कोणाशी बोलत होतीस?’ या वाक्याने सुरू न होणारी मारहाण मला फार कमी ऐकायला मिळते. जुन्या पिणाऱ्यांमध्ये हा संशय कधी कधी भ्रमाच्या पातळीला जातो आणि तेव्हा तो बायकोच्या जिवावर बेतू शकतो. तो विनोदी पात्राच्या तोंडी देऊ नका.

म्हणून माझी सूचना अशी की पटकथेत दोन धागे वेगळे ठेवा. एक त्याच्या पिण्याचा, दुसरा त्याच्या हाताचा. पहिला आधी सुटू दे. दुसरा तिथेच अडकू दे. तुमचा तिसरा अंक मला तिथे दिसतो.

दारू सोडून तीन महिने झाले आहेत. गल्लीत कौतुक आहे, आई नवस फेडून आली आहे, मालकाने पुन्हा रात्रपाळी दिली आहे. आणि घरात? घरात बायको पूर्वीपेक्षा जास्त घाबरलेली आहे. हे ऐकून नवे समुपदेशकसुद्धा चक्रावतात. पूर्वी तिला अंदाज होता: संध्याकाळी चपला कशा काढल्या यावरून रात्र कशी जाणार ते कळायचं, आणि सकाळी स्वतःची समजूत घालायला एक कारण होतं, ‘पिलेला होता’. आता कारण गेलं. आता तो आवाज चढवतो तेव्हा पूर्ण शुद्धीत चढवतो. त्यात त्याचा हिशेब सुरू होतो: मी एवढी मोठी गोष्ट सोडली, आता तुम्ही मला काय देणार? मुलगी जवळ येत नाही म्हणून तो चिडतो. बायको पूर्वीसारखी हसत नाही म्हणून चिडतो. त्याला विश्वास उधार हवा असतो, तोही लगेच. न पिता तसंच वागणाऱ्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या गटातली मंडळी ‘ड्राय ड्रंक’ म्हणतात. या काळातला एक प्रसंग नीट लिहिलात, म्हणजे तो हात उचलतो, तोंडाला दारूचा वास नाही, आणि त्याला स्वतःलाच कळतं की आता नाव घ्यायला बाटली उरलेली नाही, तर तिथून पुढे तो जे करेल तो बदल. त्या आधीचं सगळं फक्त उपचार.

आता ती कोंडलेली रात्र. हा प्रसंग काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि ती कलेच्या कारणासाठी नाही. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतात: भिंतीवर किडे, दारात न आलेली माणसं, दिवस-रात्रीचं भान नाही, ताप, नाडी जोरात. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस मरतो. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारखी औषधं आधी देऊन मग कमी करत नेतात आणि थायामिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सिनेमा बघून कुणी तरी भावाला खोलीत कोंडेल, ही भीती मला उगीच वाटत नाही. खाटेला बांधून दोन दिवस ठेवलेले पेशंट आमच्याकडे आलेले आहेत.

मात्र इथेही एक ‘पण’ आहे. २६ व्या वर्षी इतका तीव्र त्रास सगळ्यांना होत नाही. तो किती वर्षं, किती आणि रोज पितो का यावर ते अवलंबून आहे. पगाराच्या दिवशी धिंगाणा घालणारा आणि बाकी आठवडा कोरडा राहणारा मुलगा भयंकर हिंसक असू शकतो आणि तरी त्याला सकाळी थरथर नसते. डॉक्टर ज्या चार प्रश्नांनी अंदाज घेतात त्यातला शेवटचा असा: सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला प्यावी लागते का? तुमच्या नायकाचं उत्तर तुम्ही ठरवा. ‘हो’ असेल तर सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा मुलगा दाखवा. ‘नाही’ असेल तर रुग्णालयातला थरार विसरा. त्याची लढाई संध्याकाळी पाच ते आठ या वेळेतली आहे.

या संध्याकाळबद्दल एक निरीक्षण, तुमच्या नटासाठी. घरात सगळ्यात धोक्याची वेळ नेहमी पिल्यानंतरचीच असते असं नाही. पैसे हातात नाहीत, दुकान बंद व्हायला आलंय, अंगात तलफ उठली आहे, तेव्हा पहिला पेला पोटात जाण्याआधीच कित्येक ताटं भिंतीवर गेलेली असतात. पिल्यावरही रक्तातलं प्रमाण चढत असताना माणूस बडबड्या आणि चिथावलेला असतो, उतरताना सुस्त. रोजच्या पिणाऱ्याला सवयीमुळे क्वार्टर पोटात असूनही झोकांड्या जात नाहीत. तो सरळ चालतो, शब्द स्पष्ट असतात. नटाला अडखळायला लावू नका. सरळ चालत येणारा जास्त भीतिदायक असतो.

स्मृती जाण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. ब्लॅकआउट खरा असतो. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, कधी गाडीही चालवतो, पण मेंदू त्या वेळची नोंदच ठेवत नाही. भराभर प्यायल्यावर हे जास्त होतं. म्हणून सकाळी तो खरंच विचारतो, ‘हिच्या ओठाला काय झालं?’ इथे गल्लत होते. आठवत नाही म्हणजे कळत नव्हतं, असं नाही. त्या क्षणी त्याला कळत होतं, नोंद मागे राहिली नाही. सिनेमासाठी हे सोन्यासारखं आहे. रात्रीची मारहाण दाखवूच नका, सकाळ दाखवा. त्याला घरातल्यांच्या वागण्यावरून शोधायचंय की आपण काय केलं, आणि प्रेक्षकही त्याच्याबरोबर शोधतोय. ‘किती दाखवायची’ या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. दाखवायचीच झाली एखादी, तर कॅमेरा त्याच्या खांद्यामागे नको. त्याच्या बाजूने पाहिलं की मारण्यात एक जोर येतो, थिएटरात शिट्ट्या पडतात. कोपऱ्यात ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ची पाटी असून काही उपयोग होत नाही.

आता घरातले. मला वाटतं तुमचा सगळ्यात न खणलेला ऐवज आई आहे. ती जॉबरला फोन करून सांगते, ‘पोराच्या पोटात दुखतंय’. दुकानदाराची उधारी ती भागवते. सुनेच्या अंगावरचे वळ दिसू नयेत म्हणून तिला पूर्ण बाह्यांचं पोलकं शिवून देते. यात ती वाईट नाही. तिने नवऱ्याच्या वेळी हेच केलं आणि तिला दुसरं काही माहीत नाही. मराठी माणसाला हे नवं नाही. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात सुधाकरच्या माराने मरणाच्या दारात पोचलेली सिंधू फौजदारासमोर त्याचा दोष झाकते. शंभर वर्षं आपण त्या प्रसंगाला डोळे पुसत आलो. मी जेव्हा जेव्हा तो बघते तेव्हा मला राग येतो, कारण तेच वाक्य अपघात विभागातल्या केसपेपरवर मी वाचलेलं आहे: ‘मोरीत पाय घसरला’. तुमच्या मुलीच्या टाक्यांच्या वेळी डॉक्टर विचारतील, आई काय सांगते? आजी काय सांगते? आणि चार वर्षांची मुलगी काय सांगते? हा प्रसंग तुम्ही एका ओळीत उरकलाय, आणि माझ्या मते तो अख्ख्या चित्रपटाचा मध्य आहे.

आईसाठी आणखी एक खरी गोष्ट. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर आपण सगळ्यांनी वाचल्यात. बायका ती पावडर आणतात, आमटीत घालतात. कधी त्यात काहीच नसतं. कधी डायसल्फिरॅम असतं. ते घेतलेल्याने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. क्वचित जीवही जातो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सगळं सांगून आणि त्याच्या संमतीने, कारण परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. आईने मायेने आमटीत काही कालवलंय आणि मुलगा दुकानाकडे निघालाय, यापेक्षा ताण असलेला प्रसंग मला तरी सुचत नाही.

सुनेला मात्र फक्त सोसणारी ठेवू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो, घर कुणाच्या नावावर आहे ते न बघता. न्यायालय त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. आईसुद्धा मुलाविरुद्ध त्या कायद्याखाली दाद मागू शकते. सुनेला हे संरक्षण अधिकाऱ्याकडून कळतं की शेजारच्या, मागासाठी कांड्या भरणाऱ्या बाईकडून, ते तुम्ही ठरवा.

केंद्राबद्दल थोडक्यात. साखळ्या, काळोख, वॉर्डबॉयचा दंडुका हे सगळं टाळा. माणसाला साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट निषिद्ध आहे. ते दाखवायचंच असेल तर बेकायदा म्हणून दाखवा. नीट चालणाऱ्या केंद्रात महिना-सव्वा महिना दिनक्रम असतो: प्रार्थना, योग, गटचर्चा, भांडी घासणं, कंटाळा. कंटाळा फार असतो. घरच्यांनाही बोलावलं जातं. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये तर पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे. तुमच्या सुनेला असा गट मिळाला तर ती पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलेल, नवऱ्याबद्दल नाही.

आणि घसरण ठेवा. बाहेर आल्यावर पुन्हा पिणं ही नेहमीची गोष्ट आहे, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, आणि कारण बहुधा क्षुल्लक असतं: जावळ, यात्रा, जुना दोस्त, बोनस. तुम्ही मोठं दुःख शोधू नका. फक्त घसरल्यावर तो घरी येतो की केंद्रात फोन करतो, एवढं महत्त्वाचं.

शेवटाबद्दल विचाराल तर घर एक झालंच पाहिजे असं मला वाटत नाही. तो दारूपासून दूर आहे, मुलीला आठवड्यातून एकदा आजीच्या देखत भेटतो, बायको वेगळी राहते आणि परत यायचं की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही, असा शेवट मी प्रत्यक्षात जास्त पाहिला आहे. निर्माता कुरकुर करेल. त्याला सांगा, माया वाटायला माणूस जिंकायला लागत नाही, त्याने जबाबदारी घेतलेली दिसली तरी पुरते.

काही किरकोळ दुरुस्त्या. तुमचा नायक परमिट रूममध्ये बसून देशी मागवतो. देशीचं दुकान वेगळं असतं, तिथे उभ्या उभ्या नाइन्टी मारून बाहेर पडतात. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं, त्यामुळे फ्लॅशबॅकमधल्या १९ वर्षांच्या मुलाला कोणी हटकत नाही हे वास्तव असलं तरी तुम्हाला ते माहीत आहे असं दिसू द्या.

नटाला घेऊन अभ्यास करायचा असेल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या खुल्या सभांना जा. त्यांत कुणालाही बसता येतं, त्या मराठीतही होतात. सभेच्या आधी तिथल्या सदस्यांना आपण कोण ते सांगा, फोन बंद ठेवा, वहीत काही लिहू नका आणि तिथे ऐकलेली कुणाची हकिगत जशीच्या तशी पटकथेत घेऊ नका. घरच्यांच्या अल-अनॉनच्याही काही सभा खुल्या असतात. वेळ एकाच सभेपुरता असेल तर नटाला एएच्या सभेला पाठवा आणि तुम्ही स्वतः अल-अनॉनच्या सभेला जा.